पिवळी काच

"तिन्हीसांजेला काळी काच नकोच," मी म्हणालो. "ही पिवळी पोलराइज्ड घ्या, भिकाजीकाका. कमी उजेडातही दिसेल. पाण्यावरची चकाकी जाईल, खालचंही दिसेल."

भिकाजीकाका खाडीवर प्रवासी होडी चालवतात. गेल्या वर्षी मावळतीचं ऊन डोळ्यांवर येतं म्हणून त्यांनी काळा चष्मा घातला आणि सूर्य बुडाल्यावर काढायचा राहिला. धक्क्याशी पोहणारा त्यांचा धाकटा भाऊ मोतीराम होडीखाली येऊन दगावला. तो चष्मा माझ्याच दुकानातला होता.

दुकानाच्या दारात उभं राहून त्यांनी पिवळ्या काचेतून खाडीकडे बराच वेळ पाहिलं आणि चष्मा घेऊन गेले.

आठवड्याने संध्याकाळी मी त्यांच्या होडीत होतो. धक्का वीस हातांवर असताना त्यांनी इंजिन बंद केलं.

"काका, लावा की धक्क्याला!" मागून बायका ओरडल्या.

काका वाकून रिकाम्या पाण्याला म्हणाले, "मोत्या, सर रे बाजूला."

मग त्यांनी चष्मा काढून माझ्या हातात दिला. "तू बघ. सरला का तो?"

चष्मा डोळ्यांना लावायचं माझं धाडस झालं नाही. "सरला," मी म्हणालो.

इंजिन सुरू झालं आणि मी डोळे घट्ट मिटून घेतले.