दोन शहरं, एक खाट

"तिथं घर मोठं मिळतंय, पण शाळेची बस गावभर फिरवून आणते," बायको हलक्या आवाजात म्हणाली. "इथं शाळा हाकेच्या अंतरावर, तर घर म्हणजे काड्यापेटी."

"तिथं विमानतळ जवळ आहे," इंजिनिअर म्हणाला.

"विमानतळाला काय चाटायचंय? शाळा बघतोय ना आपण?"

शाळेच्या प्रवेश कचेरीत तिघं बसली होती. इंजिनिअर पूल बांधायचा. एक पूल उभा राहिला की कंपनी त्याला पुढच्या नदीवर धाडायची, बहुतेक वेळा पुढच्या देशात. या खेपेला मात्र कंपनीनं दोन शहरं समोर ठेवली होती. हवं ते घ्या म्हणाली. अशी मेहेरबानी पहिल्यांदाच होत होती. मग नवराबायकोनं ठरवलं, जिथली शाळा चांगली तिथं बिऱ्हाड. काल ते शहर पाहून झालं, आज हे. सगळं लेकीसाठीच चाललंय असं दोघं एकमेकांना सांगत होती, आणि ते खोटंही नव्हतं.

लेक बारा वर्षांची. घरात तिला भिंगरी म्हणत. आत्ता ती खुर्चीत ताठ बसून प्रवेशाच्या बाईंना उत्तरं देत होती, मुलाखती देऊन देऊन रापलेल्या माणसासारखी. आवडता विषय भूगोल. पोहता येतं. चार भाषा थोड्या थोड्या येतात, लिहिता दोनच येतात.

"नव्या शाळेची भीती नाही ना वाटत?" बाईंनी विचारलं.

"नाही. सुरुवातीला डबा एकटीनं खायचा असतो. मग कुणीतरी येतंच बसायला."

बाई हसल्या. इंजिनिअरही हसला. डब्याचं त्याला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

"बरं, तुला काही विचारायचंय का मला?"

"इथं वसतिगृह आहे?"

"आहे ना. ज्यांचे आईवडील लांब असतात त्यांच्यासाठी."

भिंगरीनं मान हलवली. "कालच्या शाळेत नाहीये. मी विचारलं होतं."

"अगं, तुला कशाला हवंय वसतिगृह?" आई म्हणाली. "इथं घर घेतलं तर मधल्या सुट्टीतसुद्धा घरी येऊन जाशील."

"आत्ता नकोय. बाबांचा पूल झाल्यावर."

बाईंनी टेबलावरचे कागद उगाच सारखे केले.

"हा पूल मोठा आहे," इंजिनिअर म्हणाला. "बरीच वर्षं चालेल."

"हो बाबा. पण होईलच ना कधीतरी."

ती रागावलेली नव्हती. तेच त्याला सोसेना. रागावली असती तर त्यानं समजूत काढली असती. त्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. एका शहरातून निघताना सायकल कबूल केली होती, दुसऱ्यातून निघताना विमानातली खिडकीची जागा. दोन्ही वेळा तिनं डोळे पुसले होते, आणि पोर शहाणी आहे, कुठंही रुळते, असं तो चारचौघांत कौतुकानं सांगत आला होता.

"तुम्ही जा पुढे. तुमचं कामच आहे ते," भिंगरी म्हणाली. "मी इथंच शाळा पुरी करीन. मला अर्ध्यातून उठून नाही जायचं आता." मग बापाचा चेहरा बघून तिनं जोडलं, "सुट्टीत येईन ना मी. तुम्ही असाल तिथं."

आपण तिला थोपटावं की तिनं आपल्याला थोपटलंय, हे इंजिनिअरला उमगेना. 'या वेळी नाही हलणार, शब्द देतो,' असं म्हणायला त्यानं तोंड उघडलं. पण असे शब्द त्यानं आधीही दिले होते, आणि ते त्याच्याइतकेच तिच्याही लक्षात होते.

"बघायचंय का वसतिगृह?" बाईंनी अखेर विचारलं.

वसतिगृह शाळेच्या मागच्याच इमारतीत होतं. जिन्यापाशी तिथल्या ताईंनी नवराबायकोला अडवलं. "आईवडिलांना खोल्यांत सोडत नाही आम्ही. मुलींना आवडत नाही. तुम्ही दारापर्यंत चला हवं तर."

भिंगरी एकटी आत गेली. खोलीत दोन खाटा होत्या. एकीवर ओल्या केसांची एक मुलगी मांडी घालून वाचत बसली होती. दुसरी रिकामी, गादीची वळकटी केलेली.

"इथं भिंतीला खिळा ठोकता येतो?" भिंगरीनं विचारलं.

"ठोक की. मी चार ठोकलेत," मुलगी पुस्तकातून डोकं न काढता म्हणाली.

दारात उभ्या असलेल्या बायकोनं नवऱ्याकडे पाहिलं नाही. भाड्याच्या घरात भिंतींना हात लावायचा नाही, ही अट त्यानं दर घराच्या वेळी निमूट मान्य केली होती. लेकीची चित्रं कायम कपाटाला टेकून उभी असायची, आणि तिला तसंच आवडतं अशी त्याची समजूत होती.

"हेच शहर घेऊ," तो म्हणाला.

"हो," बायको म्हणाली.

दोघं उंबऱ्याबाहेर उभी राहिली, पाहुण्यांनी उभं राहावं तशी. आत भिंगरी रिकाम्या खाटेपाशी गेली. तिनं भिंतीवर तळहात टेकवला, जागा जोखली. मग हात वीतभर वर सरकवला. ती इथं राहायला येईल तोवर तिची उंची वाढलेली असणार होती.