सवतीचा टाक

विलायतेचं टपाल जालन्याहून बैलगाडीनं तलवाड्याला यायला आठ-आठ दिवस लागत. त्या दुपारी आलेलं पत्र मिस लॉरींनी दोनदा वाचलं आणि ही गोष्ट सुंदरबाईला आजच सांगायची असं ठरवलं. तेवढ्यात सुंदरबाईच मिशनच्या बंगल्याच्या पायऱ्या चढून आली. हात पिठाचे, पदर खोचलेला. परवा तिच्या मुलीचं, शिवकन्येचं लग्न होतं. मिशनच्या प्रार्थनाघरातलं ते पहिलंच लग्न.

सुंदरबाई बसली नाही.

"मिसबाई, एक मागनं हाय," ती म्हणाली. "माझा टाक एका दिसापुरता द्या. लगीन लागलं की माघारी आनून देते."

मिसबाईंना आधी कळलंच नाही. मग आठवलं. गेल्या वर्षी सुंदरबाई आणि तिचा नवरा त्रिंबक यांचा बाप्तिस्मा झाला, त्याच्या आदल्या दिवशी मिसबाईंनी तिच्या गळ्यातला काळा दोरा स्वतःच्या कात्रीनं कापला होता. दोऱ्यात नखाएवढा चांदीचा पत्रा होता, त्यावर उठवलेली बाईची आकृती. हा कोणता देव, असं त्यांनी विचारलं. देव न्हाई, सवतीचा टाक हाय, असं त्रिंबक म्हणाला. पहिली बायको मेली की दुसरीनं तिचा टाक गळ्यात घालायचा, ही इकडची रीत. मेलेल्या बाईच्या भीतीनं जिवंत बाईनं असं बांधून घ्यायचं, हे ऐकून मिसबाईंचा जीव कळवळला होता. त्यांनी वहीत लिहिलं, मूर्ती, चांदीची, एक. विलायतेला जाणाऱ्या पुढच्या पेटीतून ती आपल्या गावच्या चर्चला पाठवूनही दिली.

त्याच चर्चचं पत्र आता त्यांच्या मांडीवर होतं. मूर्ती बघायला दोनशे माणसं लोटली होती. एका म्हाताऱ्या गृहस्थांना ती इतकी आवडली की समितीनं त्यांनाच भेट दिली. ते ती गावोगाव दाखवत फिरतात आणि सुंदरबाईसाठी प्रार्थना करतात.

मिसबाईंनी पत्र घडी करून बाजूला ठेवलं. टाक आता इथं नाही, समुद्रापलीकडे गेला, असं त्यांनी सांगितलं. आणि असता तरी प्रार्थनाघरात त्याची पूजा कशी चालली असती?

"पूजा कोन करतंय?" सुंदरबाई म्हणाली. "गळ्यात घालून नुसतं बसायचं व्हतं. शिवकन्या तिचीच हाय. पोरीच्या लग्नाला आई पायजे का नगं?"

शिवकन्या सवतीची आहे, हे मिसबाईंना ठाऊक नव्हतं. सुंदरबाईच्या वागण्यातून ते कधी कळण्यासारखंही नव्हतं. सवयीनं त्यांचा हात गळ्यापाशी गेला. तिथं साखळीत ओवलेली सोन्याची एक चपटी डबी असे. या मुलखात येऊन आठ वर्षं झाली, ती कधी गळ्यातून उतरली नव्हती. सुंदरबाईची नजर त्या हातामागं गेली.

"तुमच्या गळ्यात कोन हाय, मिसबाई?"

विचारण्यात खोच नव्हती. शेजारणीला घरचं विचारावं तसं तिनं विचारलं. मिसबाईंनी डबी उघडली. आत काचेखाली पिवळ्या केसांची एक बट होती. धाकटी बहीण, त्या म्हणाल्या. सोळाव्या वर्षी गेली.

सुंदरबाईनं पदराला हात पुसला आणि एका बोटानं काचेला हलकेच शिवलं.

"छबू बी माझी बहीनच व्हती," ती म्हणाली. "थोरली. शिवकन्येच्या बाळंतपनात गेली. मग मला तिच्याच घरात दिली."

मिसबाईंनी देव कोणता ते विचारलं होतं. माणूस कोणतं ते विचारलं नव्हतं. आणि देवाला प्रत्येकाचं नाव माहीत आहे, हे त्या आठ वर्षं गावोगाव सांगत आल्या होत्या.

त्यांनी साखळी गळ्यातून काढून तिच्यापुढे धरली. परवा ही घाल, म्हणाल्या.

सुंदरबाईनं दोन्ही हात पाठीमागं नेले.

"ते तुमचं मानूस हाय. छबूच्या जागी कसं घालू?" मग मिसबाईंच्या तोंडाकडं बघून तिलाच वाईट वाटलं असावं. "ऱ्हाऊ द्या. तुमाला तरी काय ठावं," असं म्हणत ती पायऱ्या उतरून पुरणाच्या कामाला गेली.

दिवे लागायच्या आत मिसबाईंनी विलायतेला पत्र लिहिलं. टाक परत मागवला. त्याचं उत्तर यायला तीन महिने तरी जाणार, आणि देऊन टाकलेली भेट परत मागता येत नाही, हे त्यांना लिहितानाच कळत होतं.

लग्नाच्या दिवशी प्रार्थनाघरात पाय ठेवायला जागा नव्हती. पहिल्या चटईवर सुंदरबाई बसली होती. गळा मोकळा. शेजारी एका माणसापुरती जागा, आणि त्या जागेवर तिचा तळहात. त्रिंबकची चुलती चतुराबाई उशिरा आली आणि वरूनच तिच्यावर ओरडली.

"सरक की गं. समदी चटई दाबून बसलीस, पाटलीन झालीस काय?"

सुंदरबाई हलली नाही. खाली बघत राहिली. बायका कुजबुजू लागल्या. पाद्रीसाहेबांनी पुस्तकातून मान वर केली.

पेटी वाजवायला बसलेल्या मिसबाई उठून उभ्या राहिल्या.

"चतुराबाई," सुंदरबाईशेजारच्या मोकळ्या जागेकडं बघत त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "तिथं नवरीची आई बसली आहे."

चतुराबाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि ती मागं भिंतीला जाऊन टेकली. सुंदरबाईनं वर पाहिलं नाही. फक्त चटईवर दाबून धरलेला हात उचलला.