डोळे भरणारी

पहिली पट्टी सोडली तेव्हा आतला डोळा काळा पडलेला होता. आक्काने त्यावर नख टेकवलं. वाळल्या खपलीसारखा तो सुटून मातीत पडला.

"एखादा जातोच, आई," शेजारी बसलेली सून म्हणाली.

"तीस वर्षं डोळे भरतेय मी. मला नको सांगूस."

रोपवाटिकेत गुलाबाची कलमं बांधायचं काम आक्काचं. पिशवीत वाढवलेल्या रानटी गुलाबाच्या खुंटाला सुरीने काप द्यायचा, साल उचलायची, चांगल्या फांदीवरचा एक डोळा, म्हणजे कोंब फुटायची जागा, अलगद काढून त्या सालीखाली सरकवायचा आणि वर प्लॅस्टिकची पट्टी बांधायची. साल सालीला भिडली तर डोळा जगतो. केसाएवढी फट राहिली की मेला. शंभरातले पंच्याण्णव लागायचे तिचे.

आणि हे सगळं एका डोळ्यावर. दुसऱ्यात लहानपणीच काटा गेला होता. उरलेल्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला आणि नाकाच्या बाजूने मांस वाढत बुबुळावर चढलं. डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, "आधी मांस काढू. तीन-चार महिने डोळा स्थिरावू दे, मग मोतीबिंदू." पण कलमांचा हंगाम तोंडावर आलेला. आक्का हटून बसली, "एकदाच काय ते उरकून टाका."

एकदाच उरकलं. आज सकाळच्या तपासणीत तिने तक्त्यावरच्या चार ओळी वाचल्या. ऑपरेशनाआधी तिला समोर धरलेली बोटंही मोजता येत नव्हती.

"मांसाने बुबुळ ओढून धरलं होतं," बाईंनी समजावलं. "आत बसवायच्या भिंगाचं माप तेव्हा घेतलं, आणि मांस निघाल्यावर बुबुळाचा आकारच बदलला. शिवाय मधोमध डाग राहिलाय. चष्म्याने याहून जास्त नाही व्हायचं. पण घरात वावरायला काही अडचण नाही."

"आणि सुरी धरायला?"

बाई तिच्या कागदावर पुढची तारीख लिहू लागल्या होत्या.

चष्मा लावूनही एका खुंटाचे दोन दिसत. खरा खुंट त्या दोहोंच्या मधे कुठेतरी असेल, असं धरून तिने तीन आठवड्यांपूर्वी साठ डोळे भरले होते. आज त्यांच्या पट्ट्या सोडायच्या होत्या.

दुसरा काळा. तिसरा काळा. पंचवीस पिशव्या झाल्या तरी एकही हिरवा नाही.

सव्विसाव्या पिशवीत नख टेकवलं तर डोळा हललाच नाही. टणक, ओलसर, सालीला घट्ट धरून बसलेला. आक्काने पुढची पट्टी भराभरा सोडली. तोही जिवंत. त्याच्या पुढचाही. ओळीने अकरा.

"अगं, धरलेत की! बघ, बघ, हात विसरत नाही!" ती लहान मुलीसारखी हसली.

"मी म्हणतच होते," सून मान खाली घालून म्हणाली.

त्या ओळीतल्या बाराव्या पिशवीवर आक्काची बोटं थांबली. मघाच्या घाईत लक्षात आलं नव्हतं. पट्टीची गाठ उजवीकडे होती. आक्का डावखुरी. तिची गाठ जन्मात कधी उजवीकडे आली नव्हती.

"त्या दिवशी डोळे भरताना तुम्ही जेवायला उठलात ना, तेव्हा," सून पुटपुटली. "थोड्याच पट्ट्या काढून डोळे पुन्हा भरले. म्हटलं, मालकांनी बघितलं तर…"

आक्काने तीही पट्टी सोडली. डोळा हिरवागार होता.

"हात बसला गं तुझा," ती म्हणाली.

तेवढ्यात मालक फाटकातून आत आले. "काय आक्का, किती लागले?"

"बारा झालेत. अजून सोडतोय."

"तुमचेच ना?"

"आईंचेच," सून घाईने म्हणाली.

"हिचे," आक्का म्हणाली.

"बरं," मालक म्हणाले, आणि विहिरीकडे निघून गेले.

तेवीस पिशव्या उरल्या होत्या. सुनेने हात पुढे केला. "राहू द्या आई. मी सोडते."

आक्काने पुढची पिशवी स्वतःकडे ओढली आणि चाचपून गाठ शोधली. ती डावीकडे होती.