शेवाळावर पाणी

कोंडीबानं बाटलीचं बूच काढलं आणि खडकावरच्या काळ्या पडलेल्या शेवाळावर थोडं पाणी ओतलं.

"बघ आता," तो सुनेला म्हणाला.

काय बघायचं ते शालूला पाठ होतं. सहा वर्षं ती या म्हाताऱ्यामागं डोंगरकड्याच्या माळावर शेळ्या घेऊन येत होती, आणि सहा वर्षं तो तिला थांबवून काहीबाही दाखवत होता. मुंग्यांची अंडी, सापाची कात, दगडाआडचं इवलं फूल. सगळ्यात लाडकं हे शेवाळ. उन्हाळ्यात बोटानं चुरावं इतकं वाळायचं, आणि पाणी पडलं की बघता बघता हिरवंगार व्हायचं.

"मेलंय वाटत होतं का न्हाई? माझा गंगाधर बी असाच येतोय बघ."

गंगाधर म्हणजे त्याचा एकुलता एक मुलगा, शालूचा नवरा. लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी पुण्याला बांधकामावर गेला, तो गेलाच. ना चिठ्ठी, ना निरोप. पोराच्या नावानं आंघोळ कर, असं गावानं कोंडीबाला कितीदा समजावलं. बापानं डोक्यावरून पाणी घेतलं की बेपत्ता माणूस मेला असं धरतात. मग बायको दुसरं घर करायला मोकळी होते. कोंडीबा ऐकायचा नाही. जित्या पोराचं सुतक धरू का, म्हणून अंगावर धावून यायचा. बिचारा मायेपोटीच करत होता सगळं, पण त्या मायेत शालूचं वय निघून चाललं होतं.

आज तिचा भाऊ आनंदा खाली घरी येऊन बसला होता. जवळा बाजारचं स्थळ होतं. बायको वारलेली, माणूस चांगला. त्यांना आजच्या आज उत्तर हवं होतं, नाहीतर ते दुसरीकडं बघणार होते. उत्तर द्यायचं सोडून म्हातारा सुनेला घेऊन माळावर आला होता.

शेवाळ हिरवं झालं. शालूनं खाली बसून त्यावरून बोट फिरवलं. तिला रडू आलं नाही. नुसता थकवा आला.

"मामा, याला तुमी पानी तरी घातलं," ती सासऱ्याला म्हणाली. "मी बी हितंच वाळून राहिले. मी काहून दिसले न्हाई तुमाला?"

कोंडीबानं तिच्याकडं बघितलं. तिच्या कानाजवळचे केस पांढरे झाले होते. मुंगीचं अंडं दिसणाऱ्या माणसाला हे कधी दिसलं नव्हतं.

बाटलीत अजून पाणी होतं. त्यानं टोपी काढून खडकावर ठेवली, डोळे मिटले आणि सगळं पाणी स्वतःच्या डोक्यावर ओतून घेतलं.

"जा माय," तो म्हणाला. "आनंदाला सांग, म्हाताऱ्यानं गंगाधरच्या नावानं आंघोळ केली."