मिरचीचे हात

नंदुरबारच्या माळावर मिरच्यांची पथारी पसरली होती, जणू संध्याकाळ दुपारीच उतरून वाळत पडलेली. शाळा सुटताच मथी तिथे पोचली. "मावशी, माले बी देठ खुडाले बसाडी ले." मुकादमीण गजराबाईने तिचे तळवे चाचपले. "कवळा शेतस. बस तुन्ही मायना शेजारे." आयुष्यातलं पहिलं काम! आईशेजारी देठ खुडता खुडता मथीला लाल गुंगी आली. दूर सुरतेची आगगाडी धूर सोडत गेली, तीही स्वप्नातल्यासारखी. दोघी घरी पोचल्या तेव्हा मथीची बोटं धुऊनही निखाऱ्यासारखी पेटली होती. अंगणातून धाकटा भाऊ धावत आला. त्याला झोंबेल म्हणून तिचे हात चटकन वर गेले. लहानपणी तीही कामावरून आलेल्या आईकडे अशीच धावायची, पण आई हात वर करायची. आईला आपण आवडत नाही, असंच तेव्हा वाटायचं. तिने भावाच्या कपाळाला कपाळ टेकवलं. मग वळून आईच्याही.