वर्नाच्या घरात नवी बाई

"दार उघड की," वर्ना म्हणाली. "कुलूप नाहीये त्याला."

कॉनी गाडीपाशी हात खाली सोडून उभी होती. तुरुंगात दार नेहमी दुसरंच कुणी उघडतं. बाहेर आल्यावरही हात आपणहून पुढे होत नाही. वर्नाला हे पक्कं ठाऊक होतं. सुटून आल्यावर ती स्वतः बहिणीच्या न्हाणीघराच्या दाराशी अशीच ताटकळली होती.

तिनं मदत केली नाही. इंजिन चालू ठेवून नुसती बसून राहिली. शेवटी कॉनीनं दार ओढलं आणि पिशवी मांडीवर घेऊन आत बसली.

"तुम्ही एवढ्या लांबून आलात, मिसेस स्कोगस्टॅड..."

"वर्ना म्हण. आणि ते अहो-जाहो सोड. आमच्या घरात चालत नाही."

दुलुथ शहरातल्या चढावरचं ते घर वर्ना सुटून आलेल्या बायकांसाठीच चालवत होती. तिथून बाहेर पडून पुन्हा तुरुंगात गेलेल्या बायका अगदी मोजक्या. वर्ना त्याचा गाजावाजा करत नसे, पण तिला त्याचा अभिमान होता.

रस्त्याकडेला बर्फ वितळून चिखल झाला होता. कॉनी बराच वेळ खिडकीबाहेर बघत होती.

"मी पिऊन गाडी चालवत होते," ती एकदम म्हणाली. "सायकलवर होता तो. बेकरीतून घरी चालला होता. त्याला दोन मुली आहेत."

"मी विचारलं नव्हतं."

"माहीत आहे. पण सांगायला हवं." मग तिनं विचारलं, "घरातल्या बायकांना माझ्याबद्दल काय सांगितलंस?"

"नवी बाई येतेय, एवढंच. प्रत्येकीबद्दल तेवढंच सांगते. डॅरलीन तोंडाची फटकळ आहे, मनावर घेऊ नकोस."

घरी जाण्याआधी वर्नानं गाडी ऑरव्हिल माकीच्या रोपवाटिकेकडे वळवली. पहिल्याच दिवशी काम ठरलं की बाईचा पाय जमिनीला लागतो, असा तिचा अनुभव होता. ऑरव्हिल काचघरात टोमॅटोची रोपं लावत होता. त्यानं कॉनीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"नाव नको सांगूस. नाव कळलं की लोक पेपरातलं आठवायला लागतात," तो म्हणाला. "आधी काय काम करायचीस?"

कॉनीनं वर्नाकडे पाहिलं. "बैठं काम होतं. लोकांचं ऐकून घ्यायचं."

"फोनवर?"

"नाही. समोरासमोर."

"म्हणजे तक्रारखात्यात."

"तसंच काहीसं."

"इथली रोपं तक्रार करत नाहीत, नुसती मरतात. लक्ष ठेवावं लागतं." त्यानं मान वर्नाकडे वळवली. "हिची हमी कोण देतंय?"

"मी."

"जुनी ओळख?"

"एकदा भेटलो होतो."

"बरं. सोमवारी ये. जुने बूट घालून ये."

गाडीत बसताना कॉनीनं विचारलं, "आपण कधी भेटलो?"

"तुझ्या लक्षात नसणार. गर्दी असायची तुझ्याकडे," असं म्हणून वर्नानं गाडी मागे घेतली.

वाटेत पंपावर पेट्रोल भरून वर्ना पैसे द्यायला आत जाऊन आली, तेव्हा गाडीत कुणी नव्हतं. पिशवी तेवढी सीटवर होती. शेजारीच दारूचं दुकान होतं आणि त्याच्या काचेसमोर कॉनी उभी होती. एक बाटली म्हणजे सुटकेची अट मोडली. अट मोडली की आलेल्या वाटेनं परत.

वर्ना तिच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

"आज पहिलाच दिवस आहे," कॉनी हळूच म्हणाली. "आणि माझे पाय सरळ इथं आले."

"येतात."

"अडव ना मला."

"नाही. मी अडवलं तर उद्या, मी नसताना, कोण अडवेल? मी गाडीत बसते. यायचं तर ये."

वर्ना गाडीत जाऊन बसली. चेहरा शांत होता, पण स्टिअरिंगवरची पकड घट्ट झाली होती. असं सोडून देणं एकदा तिच्या अंगाशी आलं होतं. तिनं अशीच न अडवलेली रूथ नावाची पोर आजही तुरुंगात होती. तरीही दुसरी कुठलीच तऱ्हा टिकत नाही, याबद्दल वर्नाच्या मनात शंका नव्हती. तिनं मागं वळून पाहिलं नाही.

शेजारचं दार उघडलं.

"हीटर लाव," कॉनी म्हणाली. "गारठलेय मी."

वर्नानं हीटर लावला. चढ लागला तसं खाली पसरलेलं सरोवर दिसायला लागलं. त्याच्यावर अजून बर्फाचे तुकडे तरंगत होते. कॉनी ते बघून जराशी हसली. वर्नाच्या मनात आलं, ही टिकणार.

स्वयंपाकघरातून भाजलेल्या बटाट्याचा आणि चीजचा वास येत होता. टेबलाभोवती चौघी बसल्या होत्या, नेहमीसारख्या एकाच वेळी बोलत.

"आली का गं नवी?" डॅरलीननं पाठमोरी राहूनच विचारलं. "आजची भांडी तिच्याकडे. दयामाया नाही."

"आधी जेवू दे तिला," वर्ना म्हणाली आणि बाजूला झाली.

कॉनीनं डोक्यावरची लोकरी टोपी काढली आणि उंबऱ्यात आली. डॅरलीन वळली. तिचा चमचा हवेतच राहिला. मग ती उठून उभी राहिली. ठरवून नव्हे, पायांनी आपोआप उभं केलं होतं तिला. पाठोपाठ हुआनिता उठली. मग उरलेल्या दोघी. खुर्च्या करकरल्या.

कॉनीनं चौकट धरली. चौघींपैकी एकीचाही चेहरा तिला ओळखता येईना, पण ते उभं राहणं तिनं ओळखलं.

वर्नानं आपला कोट खुंटीला अडकवला आणि मोकळी खुर्ची मागे ओढली.

"बसा गं," ती म्हणाली. "आपल्या पाचही जणींना शिक्षा सुनावून झालीय हिची. आता न्यायाधीशबाईंना वाढा."