तीनशे चाळीस मुकी पुस्तकं

"हा लॅपटॉप मेलेला नाही. त्याला नको ते खाऊन जडपणा आलाय," असं म्हणत पेंग्विननं तो बाईंसमोर उघडून ठेवला.

पेंग्विन हे काही त्याचं नाव नव्हतं. दुरुस्तीच्या दुकानाच्या काचेवर त्यानं लिनक्स या फुकट मिळणाऱ्या संगणकप्रणालीचं चिन्ह असलेला पेंग्विन चिकटवला होता आणि तो चालायचाही थोडा तसाच, म्हणून गल्लीनं ते नाव पाडलं होतं. दारात आलेल्या प्रत्येक जुन्या यंत्रावर लिनक्स घालायचा सल्ला तो देई. गिऱ्हाईक नको म्हणालं, तर आणखी अर्धा तास देई.

बाई नको म्हणाल्या नाहीत. सत्तरीच्या, निवृत्त, एकट्या राहणाऱ्या. अकरा वर्षांचा लॅपटॉप दुसऱ्या दिवशी मिनिटभरात सुरू झालेला पाहून त्या हसल्या आणि हे सगळं मला शिकवाल का, असं त्यांनी विचारलं. तेव्हापासून दर मंगळवारी सकाळी त्या येऊ लागल्या.

पेंग्विनला ऐकणारं माणूस हवंच होतं. ज्या वस्तूचं झाकण आपल्याला उघडता येत नाही, ती विकत घेतली तरी भाड्याचीच, असं तो सांगे. फाइलची एकच प्रत असेल, तर ती नाहीच असं समजून चालावं. आणि जे गाणं ऐकायला रोज कंपनीची परवानगी लागते ते आपलं नव्हे, ते घरी आलेलं पाहुणं. कधी उठून जाईल सांगता येत नाही. बाई मान डोलवत. मधूनच एखादी आज्ञा चुकीची टाइप करत आणि तो हौसेनं सुधारून देई.

तिसऱ्या मंगळवारी त्यांनी मागच्या खोलीतल्या खोक्यांबद्दल विचारलं.

ती ताईची, म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीची खोकी. तिशीत तिची दृष्टी गेली होती. दुकानाच्या वरच्या दोन खोल्यांत ती एका संस्थेसाठी बोलक्या पुस्तकांचं वाचनालय चालवायची. तीनशे चाळीस पुस्तकं, सगळी डिस्कवर. कुणी नक्कल करू नये म्हणून कंपनीनं त्यांना कुलूप घातलं होतं. पुस्तक लावलं, की यंत्र आधी इंटरनेटवरून कंपनीची परवानगी घेई, मग वाचू लागे. चार वर्षांपूर्वी कंपनी बुडाली. परवानगी देणारं कुणी उरलं नाही आणि एका सकाळी सगळीच पुस्तकं मुकी झाली. कठडा धरून जिना चढणारी माणसं हळूहळू यायची थांबली. आता संस्थेनं महिनाअखेरची मुदत दिली होती. तोवर पुस्तकं बोलली नाहीत, तर खोल्या रिकाम्या करायच्या.

पेंग्विननं प्रत्येक डिस्कची हुबेहूब नक्कल करून ठेवली होती, पण नकलेला कुलूपही हुबेहूब आलं होतं. सगळ्या कुलपांना एकच किल्ली, आणि ती दोन वर्षं खटपट करूनही सापडत नव्हती.

"अंदाज करत बसलो तर सात जन्म पुरणार नाहीत," तो म्हणाला. "पण हे कुलूपही माणसानंच लिहिलंय ना. कुठंतरी चुकला असणारच."

"आणि चुकला नसेल तर?"

"तर फार हुशार आणि फार कोरडा माणूस असणार. कधी भेटला तर एकच विचारीन, जेवण गोड लागतं का रे तुला?"

त्या दिवशी बाई लवकर निघाल्या.

पुढच्या खेपेला त्यांनी बऱ्याच चौकशा केल्या. नकला किती झाल्या, त्या कुठं ठेवल्या आहेत, कुणाला दिल्या का, कंपनीच्या मालकांपैकी कुणाला कधी पत्र लिहिलं होतं का. पेंग्विनच्या बायकोनं आतून सगळं ऐकलं. बाई गेल्यावर ती म्हणाली, गिऱ्हाईक इतकं खोदून विचारत नाही, ही कुणीतरी धाडलेली आहे, नोटीस आली की कळेल. तो हसला. पण पुढचे दोन मंगळवार बाई आल्या नाहीत, तेव्हा त्याचंही हसू मावळलं.

महिन्याचा शेवटचा दिवस उजाडला. खोकी न्यायला टेम्पो दारात उभा होता. ताई खाली आली होती. एकेका खोक्यावर हात ठेवून आत कोणती पुस्तकं आहेत ते ती सांगत होती, निरोप घ्यावा तशी. तेवढ्यात बाई आल्या. हातात जाडजूड लिफाफा. बायकोनं पेंग्विनकडे पाहिलं. बघा, मी म्हणत नव्हते?

पेंग्विननं लिफाफा फोडला. वाचता वाचता तो थांबला आणि पुन्हा पहिल्यापासून, या वेळी ताईसाठी मोठ्यानं वाचू लागला. कंपनीच्या दोन्ही मालकांच्या वारसांनी सही करून वाचनालयाला कुलूप उघडायची आणि हव्या तेवढ्या नकला करायची परवानगी दिली होती. एक वारस परदेशात होता. त्याच्या सहीलाच दोन आठवडे लागले, असं बाईंनी सांगितलं.

ताईनं हात पुढे केला. बाईंनी तो दोन्ही हातांत घेतला.

 मनात शंका धरल्याबद्दल पेंग्विननं माफी मागितली. मग खोक्यांकडे पाहून म्हणाला, "बाई, हे उपकार विसरायचे नाहीत. पण कागदानं कुलूप उघडत नाही. किल्ली नाही ती नाहीच."

"अरे, आधी त्यांना बसायला दे," ताई म्हणाली.

बाई बसल्या नाहीत. त्यांनी टेबलावरचं पेन उचलून त्याच्या हातात दिलं.

"लिहून घ्या," त्या म्हणाल्या. "सोळा अक्षरं आहेत. मीच ठरवली होती."